बाहेरून लावलेली कडी

१

कुलूप लागलेलं, किल्ली माईच्या गळ्यात, आन आतली पोरगी गायब.

ही खबर घेऊन पुंजाराम भर दुपारी माझ्या टपरीसमोर गाडीवरून उतरला. पण पहिला सवाल त्यानं पोरीचा केला नाय. म्हणला, "कडुबा, दुसरी किल्ली कुठंय?"

"कंची दुसरी?"

"कुलपासंगं दोन येतात. मला तू एकच दिली."

"तूच म्हणला एकच दे. घरात दोन किल्ल्या असल्या की कोणाला तरी दया येती, असं म्हणला होतास."

पुंजाराम खाली बघाया लागला. म्या बिस्किटाचा डबा उघडला, तळातून किल्ली काढून त्याच्या हातावर ठिवली. तिच्यावर दहा दिवसाची धूळ होती. बोटाचा ठसा पडला तो माझाच.

छावणीच्या बाजारात चिंचेखाली माझी टपरी. चाव्या बनवितो, कुलपं दुरुस्त करतो. शिक्षान चौथी, ते बी मास्तरच्या मेहरबानीनं. पण छावणीतलं कंचं दार कुठून उघडतं, हे मला इथं इचारा. माणसं बी मला कळतात म्हणून म्या आजवर लई फुशारकी मारली. ती त्या दिवशी बंद झाली.

पुंजारामच्या घरात बायको आवडाबाई आन दोन पोरी. थोरली मोनिका, चोवीस वर्षांची. धाकटी प्रेरणा. दोन वर्षांखाली मोनिकाचं डोकं फिरलं असं गल्लीत बोलायचे. हल्ली ती पुण्याला नोकरीला गेली असं पुंजाराम सांगायचा. ती पुण्याला नव्हती, गच्चीवरच्या खोलीत होती. मला ठावकं होतं, कारण त्या दाराला बाहेरून कडी मीच बसवली. दहा दिवसाखाली. तवा दाराच्या आडून काहीतरी ऐकू आलं होतं. काय, ते मागून सांगतो. अजून तोंडातून निघंना.

"पोलिसात गेला?"

"पाच वाजता प्रेरणाला बघायला पाहुणे येऊ लागले जालन्यावरून. पोलिस दारात आले का संपलं समदं." त्यानं घाम पुसला. "गल्ली धुंडली, बाजार धुंडला. तू कुलूप बघ. कोणी काढलं इतकं सांग. जो काढंल त्यालाच ठावं आसंल, ती कुठंय."

घड्याळात पावणेतीन. वैशाखाचं ऊन असं, की डांबराला चप्पल चिकटावी. आन पोरगी अनवाणी गेलती. तिची चप्पल घरातच होती.

२

गच्चीवरची ती एकच खोली. दार बाहेरच्या अंगाला उघडणारं. पाहुण्यांसाठी समद्या घराला रंग दिलेला. ह्या दाराला बी परवाच हिरवा ऑईलपेंट मारलेला, अजून बोटाला चिकटत होता. ज्या खोलीत पाहुण्यांनी कधी यायचंच नाय, तिचं बी दार रंगवलं. माणूस लाज झाकाया बसला का कुठं थांबावं ते त्याला कळत नाय.

आत चटई, टेबलफॅन, एक पाण्यानं भरलेला तांब्या. खिडकीचे गज शाबूत. तांब्यात वाकून बघितलं तर पाण्यावर धुळीची साय, त्यात एक मेलेली माशी. कालपासून घोट बी घेतलेला नव्हता.

"नीट सांग," म्या पुंजारामला म्हणलं.

"एक वाजता आवडाबाईनं तिला भाकर दिली, कुलूप लावलं. दोनला मी वर आलो, पाच वाजता आवाज करू नको म्हणून सांगायला. कुलूप जाग्यावर. किल्ली लावली, उघडलं, तर आत कोणी नाय."

"किल्ली कुठून आणली?"

"आवडाबाईच्या गळ्यातून. खाली झोपलेली होती. हलवली तरी उठंना, मग म्याच दोरा काढला."

"दोरा काढला तरी जाग नाय आली?"

"लग्नाच्या टेन्शननं महिनाभर अशीच हाय. दिवसा बी पेंगती."

म्हंजी ती किल्ली गळ्यात होती काय आन रस्त्यावर होती काय, सारखंच. घरातलं कोणी बी ती काढून परत घालू शकत होतं. कुलूप दाबून लागणारं. लावायला किल्ली लागत नाय.

आवडाबाई जिना चढून वर आली. पाय घासत चालत होती. माझ्यासाठी पाणी आणलेलं. पेला असा थरथरत होता की अर्धं पाणी ताटलीत. चेहऱ्यावर ना रडू, ना भ्याव, मेणाचा मुखवटा जसा.

"कडुबाभाऊ, म्या लावलं होतं कुलूप. हात धरून सांगते, लावलं होतं," ती म्हणली. जीभ जड.

पाणी पिता पिता माझी नजर दारावर गेली. कडीच्या खाली, ओल्या हिरव्या रंगात, एक खरवड उठलेली. सरळ नाय. चंद्रकोरीसारखी वाकडी. त्या खरवडीनं मला जे सांगितलं, त्याच्यावर माझाच इश्वास बसंना.

३

प्रेरणा खाली आरशापुढं, पैठणी नेसलेली, केसात गजरा. पावडर डोळ्याच्या पाण्यानं वघळलेली.

म्या उंबऱ्यातच बसलो. "पोरी, तू काढली का ताईला?"

"मी काढली असती तर आजच का काढली असती, काका?"

"आज तिचा आवाज आला असता तर तुझंच मोडलं असतं. कोणाकडं तरी नेऊन ठिवली असशील."

तिनं गजरा काढून मांडीवर ठिवला. "सकाळी देवापुढं मी म्हणाले, आजचा दिवस ताई नको. नुसता आजचा दिवस. आणि खरंच ती नाही. आता सांगा, मी काढली का नाही काढली?"

म्या इचारलं, दुखणं कसं लागलं?

"शेवटच्या वर्षाला होती. आधी झोप गेली. मग आंघोळ, अभ्यास, बोलणं सगळं सुटलं. म्हणायची, मोबाईलमधून माझ्यावरच बोलतात. भिंतीकडं बघून कोणाला तरी उत्तरं द्यायची. बापूंनी आधी गंडे-दोरे केले, त्यात सहा महिने गेले. मग घाटीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, स्किझोफ्रेनिया. बीपी-शुगरसारखाच आजार, गोळी चालू ठेवा. आणि काका, ती बरी झाली. वर्षभर गल्लीतल्या पोरांना गणितं शिकवली तिनं."

"मग?"

"तीन आठवडे झाले, पुन्हा तेच. रात्र रात्र येरझाऱ्या. पाण्यात काही टाकलंय म्हणते, माझ्या गोळ्या बदलल्यात म्हणते, कोण बोलतंय बघा म्हणते. असलंच सगळं."

"गोळी बंद केली का?"

"एक दिवस नाही. निळ्या झाकणाच्या बाटलीतली आई रोज देते, मी समोर उभी असते. बापू म्हणतात, औषध हरलं."

तेवढ्यात वरून आरडाओरडा. गच्चीच्या कठड्यापलीकडं शेजारची गोजरबाई उभी, आन पुंजाराम तिच्यावर बोट रोखून. "हिनंच काढली! त्या दिवशी कडी बसवली तर हीच बोंबलत होती."

गोजरबाई सरकारी दवाखान्यात मनोरुग्णांच्या वार्डात पंचवीस वर्षं आया होती. तिनं कमरेवर हात ठिवले. "म्या काढली असती तर तुझ्यासमोरून हात धरून काढली असती, पुंजारामदादा. चोरून न्यायला ती काय कोंबडी हाय? आन कडीवाल्या, तू रं? लई गपगुमान ठोकत होतास."

म्या मान खाली घातली. ती बोलली त्यात एक शब्द बी खोटा नव्हता. पण तवर मला कळलं होतं, किल्ली ना तिनं वापरली, ना प्रेरणानं, ना कोणी.

४

"समदे या दारापाशी," म्या म्हणलं.

गोजरबाईला बी कठड्यावरून अलीकडं घेतलं. पुंजारामला पटलं नाय, पण त्याची बोलायची टाप नव्हती.

"हे बघा. कडी दाराला. कोयंडा चौकटीला. कडीचा डोळा कोयंड्यावर चढतो, आन कुलूप घालायचं ते कोयंड्यात. कुलूप कोयंड्यात असलं तर कडी तसूभर हालत नाय. बरोबर?"

"मग?"

"मग ही खरवड कशाची? परवाच्या रंगावरची हाय, म्हंजी ताजी. कडी खाली पडली, वजनानं झोका खाल्ला, तवा अशी गोल खरवड उठती. नुसत्या कडीला इतका भार नाय. कडीला कुलूप लटकलेलं होतं."

पुंजारामच्या कपाळाला आठ्या. म्या कुलूप घेतलं, डोळे अर्धे मिटले, हात मुद्दाम थरथरवला, आन कुलपाचा आकडा कोयंड्यात न घालता नुसता कडीच्या डोळ्यात अडकवून दाबला. कट्ट. लांबून बघा, दार बंद, कुलूप लागलेलं. मग आत गेलो आन दाराला बोटानं ढकललं. कडी कोयंड्यावरून सुटली, कुलपासकट खाली आली, आन पहिल्या खरवडीच्या अंगावर दुसरी उमटली. दोघी जुळ्या बहिणी.

"पोरगी ढकलून बाहेर आली. मागं वळून दार लोटलं, कडी परत कोयंड्यावर चढवली. भेलेला माणूस मागं खूण ठिवत नाय. तू आला, घाईत किल्ली फिरवली, कुलूप कशात हाय ते बघितलं नाय. कोणी काढली नाय तिला, पुंजाराम. ती कोंडलेलीच नव्हती."

सगळ्यांनी आवडाबाईकडं बघितलं. ती स्वतःच्या हाताकडं बघत होती, दुसऱ्याचे असल्यासारखं.

"म्या लावलं होतं," ती हळूच म्हणली. "दिसंना झालं होतं नीट. पण लावलं होतं."

तवा गोजरबाई पुढं झाली. तिनं आवडाबाईचा हात कोपरातून वाकवून बघितला, सोडला, परत वाकवला. तिचं तोंड उतरलं.

"असा अडकत वाकणारा हात वार्डात म्या पंचवीस वर्षं बघितलाय," ती म्हणली. "टेन्शनचा नाय हा. बाई, तुम्ही गोळी कंची खाता?"

५

"गुडघ्याची," आवडाबाई म्हणली. "ताकदीची. लाल झाकणाची."

प्रेरणा पळत खाली गेली आन दोन बाटल्या घेऊन आली. एक लाल झाकणाची, एक निळ्या. दोन्हीत गोल पांढऱ्या गोळ्या. नाव कशावरच नाय.

"पाकिटं कुठंयत?" गोजरबाई.

पुंजाराम म्हणला, "काढून टाकली. पाहुण्यांच्या आत्याचं मेडिकल हाय. घर बघायला आल्या, कपाट उघडलं, नाव वाचलं, तर? म्हणून गोळ्या सोलून बाटलीत भरल्या."

"कोणी भरल्या?"

"म्याच."

"कवा?"

"महिना झाला. स्थळ आलं तवा."

गोजरबाईनं दोन्हीतली एकेक गोळी तळहातावर घेतली. "मोनिकाच्या गोळीला मधी रेघ असती. म्या स्वतः तिला खाताना बघितलंय, अर्धी मोडून द्यायचे पहिल्यांदा." रेघ असलेली गोळी लाल झाकणातून निघाली होती.

आवडाबाईला वाचता येत नाय. ती रंगावर चालायची. अन पुंजारामनं, गच्चीवर लपून गोळ्या सोलताना, झाकणं उलटी लावली. महिनाभर माय लेकीचं औषध खात होती, म्हणून पेंगली, थरथरली, कुलूप चुकली. लेक मायची ताकदीची गोळी खात होती, म्हणून तिचं डोकं परत फिरलं. औषध हरलं नव्हतं. तिच्या पोटात गेलंच नव्हतं.

प्रेरणानं भिंतीला पाठ लावली आन खाली बसली, पैठणीसकट. "ती सांगत होती," ती म्हणली. "रोज सांगत होती, ही माझी गोळी नाही. मी म्हणायचे, हो ताई, गीळ."

कोणाला कोणाच्या तोंडाकडं बघवंना. घरात एकच माणूस खरं बोलत होतं, आन आम्ही त्यालाच कडी घातली.

पुंजारामचा मोबाईल वाजला. पाहुणे बदनापूर सोडून निघालेले. साडेतीन वाजले होते, आन पोरगी कुठं होती ते अजून कोणालाच ठावकं नव्हतं.

६

म्या तांब्या उचलला. "पाण्यावर काय म्हणायची ती? नीट आठवा."

"टाकीतच काहीतरी टाकलंय म्हणायची," गोजरबाई म्हणली. "म्या म्हणलं माझ्या घरचं पी, तर म्हणली, मावशी, नळ एकच हाय."

"म्हंजी कालपासून पाणी नाय. आन बाहेर हे ऊन. तहानलेला माणूस, पण टाकीचं नको, नळाचं नको, कोणाच्या हातचं नको. सरळ जमिनीतून आलेलं, डोळ्यासमोर निघालेलं पाणी छावणीत कुठंय?"

"हापसा," प्रेरणा म्हणली. "बाजाराच्या मैदानामागचा."

त्या दिवशी रविवार. गुरवारचा बाजार नसला का त्या मैदानात कुत्रं फिरकत नाय. पुंजारामनं बाजार धुंडला होता, पण दुकानाच्या बाजूनं. आवडाबाईला घरी निजवून आम्ही निघालो. वाटंनं गोजरबाई मला शिकवत होती. "वाद घालायचा नाय. पाण्यात काय नाय असं म्हणू नको, हाय असंबी म्हणू नको. मागून धरायचं नाय, गलका करायचा नाय. भ्याव वाटतंय का, इतकं इचार. आन खोटं बोलू नको. त्यांना लगेच कळतं."

ती तिथंच होती. हापशाला एकटा माणूस पाणी पिऊ शकत नाय, कधी बघितलंय का? एकानं दांडा मारायचा, दुसऱ्यानं वंजळ धरायची. ती दांडा मारायची आन पळत तोंडाकडं यायची, तवर धार तुटलेली. परत दांडा, परत पळत. तळपाय भाजून लाल. झाडाखाली तीन रिक्षावाले हसत होते, एकजण मोबाईल धरून. गोजरबाई त्यांच्याकडं गेली. काय बोलली ते सांगत नाय, पण मोबाईल खिशात गेला.

मी समोरून, हळू गेलो. दांडा धरला. "मी मारतो. तू पी."

"आधी तुम्ही," ती म्हणली. ओठ फुटलेले.

तिनं दांडा मारला, म्या वंजळीनं पाणी पिलो. घटाघटा. ती माझ्या गळ्याकडं बघत राहिली. मग म्या दांडा मारला आन ती पिली. किती पिली देव जाणे. पिऊन झाल्यावर तोंड न पुसता माझ्याकडं बघितलं.

"तुम्ही कडीवाले."

"व्हय."

"त्या दिवशी दार ठोकत होतात. मी आतून विचारलं, कोण आहे? तीनदा विचारलं."

आता सांगतो, जे सांगायचं राहिलं होतं. तीनदाच इचारलं होतं तिनं. अन माझ्या तोंडात स्क्रू होते. कारागीर तोंडात स्क्रू धरतोच. पण पहिल्यांदा तिनं इचारलं तवा माझं तोंड रिकामं होतं. स्क्रू म्या नंतर घातले. बोलावं लागू नये म्हणून.

"तुम्ही बोलला नाहीत," मोनिका म्हणली. "मला वाटलं, ते ठोकणं पण माझ्या डोक्यातलंच."

चाळीस वर्षं म्या हातोडी मारली, पण असा घाव कधी बसला नव्हता.

"डोक्यातलं नव्हतं," म्या म्हणलं. "मीच ठोकत होतो. ऐकलं बी. लाज वाटली म्हणून बोललो नाय. आता तुला भ्याव वाटतंय का?"

"खूप," ती म्हणली, आन हापशाच्या कट्ट्यावर बसली.

मागं पुंजारामचा मोबाईल परत वाजला. तो लांबच उभा होता, रिक्षावाल्यांची नजर चुकवून. प्रेरणानं मोबाईलला हात घातला तर त्यानं दिला नाय. सोताच कानाला लावला.

"हां पाव्हणं. आज नका येऊ." त्याचा आवाज बसलेला, पण रिक्षावाल्यांना ऐकू जाईल इतका होता. "नाय, थोरली पुण्याला नाय. खोटं सांगितलं. इथंच हाय ती, आजारी हाय. माझ्या चुकीनं जास्ती झालं. दवाखान्यात नेऊ लागलो."

पलीकडून काय आलं ते कळलं नाय. त्यानं मोबाईल खाली घेतला, पायातल्या चपला काढल्या आन पोरीच्या पायापुढं ठिवल्या. "माय, घाल. भाजतंय."

तिनं लई येळ चपलांकडं बघितलं. मग गोजरबाईचा हात धरला आन पाय घातले. हसणाऱ्यांपैकीच एकानं रिक्षा पुढं आणली.

७

घाटीत डॉक्टरीणबाईनं दोन्ही बाटल्या टेबलावर मांडून घेतल्या आन कोणाला रागावली नाय. रागावली असती तर बरं झालं असतं. आवडाबाईला बी घरून आणवून तपासलं, ती गोळी बंद केली. पंधरा दिवसात तिचे हात थांबले. मोनिकाला भरती केलं, औषध पहिल्यापासून चालू. बाई म्हणली, गोळी पाकिटातच ठिवायची, झोप मोडली का लगेच आणायचं, आन ती काय सांगती ते आधी तपासायचं, मग आजार म्हणायचं.

जालन्याचं स्थळ कळवतो म्हणलं. अजून कळवतंच हाय. प्रेरणा म्हणती, बरं झालं, आत्याबाई कपाटं उघडणारी होती.

त्या रविवारच्याच संध्याकाळी म्या ती कडी उचकून काढली होती. पुंजारामनं मजुरी देऊ केली. म्या असं बघितलं की त्यानं हात माघारी घेतला. ओल्या रंगात चार भोकं राहिली.

दोन महिन्यांनी मोनिका प्रेरणासंगं टपरीवर आली. थोडी सुटलेली, थोडी हळू बोलणारी. म्हणली, "काका, कडी पाहिजे. आतून."

म्या गोजरबाईला इचारलं, गोजरबाईनं डॉक्टरीणबाईला. ठरलं की बसवायची, पण बाहेरून नाण्यानं फिरवली का उघडली पाहिजे अशी. तसली कडी बाजारात मिळंना. म्या सोता घडवली, तीन दिवस लागले.

दाराला आतली पट्टी लावून झाली. मोनिकानं आत जाऊन कडी सरकवून बघितली. मी बाहेर, नाण्याच्या खाचंच्या चकतीवरचा शेवटचा स्क्रू पिळत होतो. बाकीचे दोन सवयीनं तोंडात.

आतून तिनं दारावर बोटं वाजवली. "कोण आहे?"

म्या तोंडातले स्क्रू हातावर काढले.

"कडुबा," म्हणलं. "कुलूपवाला."